सिगारचे आकार आणि मापे: सुरुवात कुठून करावी?

सत्तरीकर

नमस्कार. मी मूळचा वाळपईकडचा असून सध्या उत्तर गोव्यातील एका हॉटेलात नोकरी करतो. गेल्या महिन्यापासून तेथील बारमधले सिगारचे कपाट, म्हणजे ह्युमिडॉर, माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. माझ्याआधी जे गृहस्थ हे काम पाहत असत ते नोकरी सोडून गेले, आणि कोणत्या कप्प्यात काय आहे ही माहितीही त्यांच्याबरोबरच गेली. त्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या पुसट झाल्या असून बऱ्याच सिगार मूळ खोक्यांतून काढून सुट्या ठेवलेल्या आहेत. मी स्वतः धूम्रपान करीत नाही आणि पुढेही करणार नाही. परंतु जी वस्तू आपण पाहुण्यांच्या हातात देतो ती आपल्याला नीट कळली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

मागच्या आठवड्यात एका वयस्क पाहुण्यांनी "चर्चिल आहे का?" असे विचारले. मी यादी पाहिली, त्या नावाची कंपनी तीत नव्हती, म्हणून नाही असे सांगितले. त्यांनी कपाटाकडे एकवार पाहून खालच्या कप्प्यातील लांब सिगारकडे बोट दाखवले आणि चर्चिल हे कंपनीचे नाव नसून मापाचे नाव आहे, असे शांतपणे समजावून सांगितले. तेव्हापासून मी हा विषय शिकायचे ठरवले आहे, पण जितके वाचतो तितका गोंधळ वाढतो. एका खोक्यावर "५ × ५०" असे लिहिलेले आहे, तर दुसऱ्यावर "१४२ मिमी, ४२". पाच हे इंच असावेत असे धरले, तरी पन्नास म्हणजे काय? ते मिलिमीटर असते तर ती सिगार माझ्या मनगटाएवढी जाड झाली असती.

दुसरे असे की आमच्या बारमध्ये सर्वांचा समज आहे की जितकी जाड सिगार तितकी ती कडक, आणि पाहुण्याला सौम्य हवी असल्यास बारीक सिगार द्यावी. हे खरे आहे का? आमच्याकडे मोंतेक्रिस्तो या क्युबाच्या नाममुद्रेच्या १ पासून ५ क्रमांकापर्यंतच्या सिगार आहेत. ते क्रमांक कडकपणाचे असावेत असे मी धरून चाललो होतो, परंतु २ क्रमांकाची सिगार एका टोकाला निमुळती आहे आणि बाकीच्या चार सरळ आहेत, तेव्हा तो तर्कही जुळत नाही. जाणकारांनी सवडीने समजावून सांगावे, ही विनंती.

तारवटी

सत्तरीकर यांस नमस्कार. मी बावीस वर्षे जहाजावर होतो आणि त्यांतील शेवटची नऊ वर्षे प्रवासी जहाजावरच्या धूम्रपानकक्षात काम केले. त्या अनुभवावरून लिहितो.

नावे सध्या बाजूला ठेवा आणि फक्त दोन आकडे वाचायला शिका. पहिला आकडा लांबीचा. क्युबातील सिगारची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. निकाराग्वा, होंडुरास, डोमिनिकन प्रजासत्ताक येथील माल मुख्यतः अमेरिकेत खपतो, म्हणून तिकडे इंच चालतात. दुसरा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच आणि तो ना इंच ना मिलिमीटर. त्याला रिंग गेज म्हणतात. एका इंचाचे ६४ समान भाग केले आणि सिगारच्या व्यासाने त्यांपैकी ५० भाग व्यापले, तर तिचे रिंग गेज ५० झाले. म्हणजे ६४ गेजची सिगार बरोबर एक इंच, अर्थात २५.४ मिलिमीटर जाड असते. हिशेबासाठी एक गेज म्हणजे ०.४ मिलिमीटर धरले तरी चालते: ५० गेज म्हणजे जवळपास २० मिलिमीटर, ४२ म्हणजे पावणेसतराच्या आसपास आणि ३८ म्हणजे १५. कारखान्यात हे मोजण्यासाठी ठरावीक व्यासाची भोके पाडलेली एक पट्टी असते आणि वळलेली सिगार त्या भोकातून घालून पाहतात.

आता जाडीने काय होते ते पाहू. सिगारचे तीन थर असतात: सर्वांत बाहेरचे देखणे पान म्हणजे रॅपर, त्याच्या आत सिगारला घट्ट धरून ठेवणारा बाइंडर, आणि मधला भरणा म्हणजे फिलर. जाडी वाढली की रॅपर परिघाच्या प्रमाणात वाढतो, पण आतला भरणा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हे आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीवरून चटकन समजते. काकण, म्हणजे बांगडीसारखा पाव, घेतले तर ते जवळजवळ सगळे कुरकुरीत कवचच असते. उंडो, म्हणजे गोल पाव, घेतला तर कवच खमंग असूनही तोंड भरते ते आतल्या मऊ भागाने. पीठ एकच असले तरी दोहोंची चव निराळी लागते. तसेच ३८ गेजच्या बारीक सिगारमध्ये भरण्याच्या तुलनेत रॅपरचा वाटा ५२ गेजच्या सिगारपेक्षा एकतृतीयांशाहून अधिक असतो, म्हणून ज्यांना रॅपरच्या पानाची चव प्रिय आहे असे जुने शौकीन बारीक सिगार मागतात. जाड सिगारमध्ये वळणाऱ्याला निरनिराळी पाने मिसळायला अधिक जागा मिळते, आणि तिचा धूर भरपूर असून तुलनेने थंड लागतो. बारीक सिगार घाईने ओढली की लगेच तापते आणि कडवट होते.

तेव्हा जाड म्हणजे कडक हा समज चुकीचा आहे. सिगारचा कडकपणा पानांच्या निवडीतून येतो. तंबाखूच्या झाडाच्या वरच्या भागातील पानांना ऊन सर्वाधिक मिळते. ती जाड, तेलकट आणि कडक होतात आणि त्यांना लिहेरो म्हणतात. मधली पाने सेको, ती सुगंधासाठी; खालची व्होलादो, ती नीट जळण्यासाठी. भरण्यात लिहेरो किती घातले आहे यावर कडकपणा ठरतो, आणि लिहेरो सावकाश जळत असल्यामुळे ते नेहमी मध्यभागी ठेवतात. एखादी ३८ गेजची सिगार ५४ गेजच्या सिगारपेक्षा कितीतरी कडक असू शकते. तुमच्या बारमधील मंडळी सौम्य म्हणून बारीक सिगार देत असतील, तर कित्येक पाहुणे नाराज होऊन गेले असतील असे मला वाटते.

लांबीने मुख्यतः वेळ ठरतो, पण तोही एकट्या लांबीने नव्हे. लांबीला गेजच्या वर्गाने गुणले की तंबाखूचा अंदाज येतो. रोबुस्तो आणि कोरोना ही दोन मापे घ्या. रोबुस्तो १२४ मिलिमीटर लांब आणि ५० गेजची. कोरोना १४२ मिलिमीटर लांब आणि ४२ गेजची. डोळ्यांना कोरोना मोठी दिसते, पण गुणाकार केल्यास रोबुस्तोत तिच्यापेक्षा जवळजवळ चोवीस टक्के अधिक तंबाखू निघते. इतकेच काय, १९२ मिलिमीटर लांबीची देखणी लान्सेरो ३८ गेजची असल्यामुळे आखूड रोबुस्तोपेक्षा कमी भरते. पाहुणा "थोडाच वेळ आहे" म्हणाला की आखूड सिगार उचलून देण्याची सवय अनेकांना असते, ती याच कारणाने फसते. माझ्या अनुभवात कोरोनाच्या धाकट्या भावंडाला, म्हणजे १२९ मिलिमीटर आणि ४२ गेजच्या पेतित कोरोनाला, ३५ ते ४५ मिनिटे लागतात, रोबुस्तोला पाऊण ते एक तास, चर्चिलला सव्वा ते दीड तास, आणि १९४ मिलिमीटर, ४९ गेजच्या डबल कोरोनाला दोन तासांच्या आसपास. तुमचा धूम्रपानकक्ष रात्री किती वाजता बंद होतो हे लक्षात घेऊनच पाहुण्यास सुचवत जा.

राहता राहिले मोंतेक्रिस्तोचे क्रमांक. त्यांचा कडकपणाशी संबंध नाही, ती केवळ मापांची ओळख आहे. १ क्रमांक १६५ मिमी आणि ४२ गेज. ३ क्रमांक १४२ आणि ४२. ४ क्रमांक १२९ आणि ४२. ५ क्रमांक १०२ आणि ४०. म्हणजे हे चौघे क्रमाने आखूड होत जातात. मध्येच आलेला २ क्रमांक १५६ मिमी लांबीचा आणि ५२ गेजचा असून त्याचे डोके, म्हणजे तोंडात धरायचे टोक, निमुळते असते. त्या आकाराला पिरामिदे म्हणतात. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी हे ओळखलेत, याचा अर्थ तुमची नजर चांगली आहे.

मोजपट्टी

तारवटी यांनी दिलेली मापे क्युबाच्या कारखान्यांची आहेत, आणि तिथे ती काटेकोर पाळली जातात. प्रत्येक मापाला तिथे दोन नावे असतात: एक कारखान्यातले आणि दुसरे बाजारातले. १७८ मिलिमीटर आणि ४७ गेजच्या ज्या सिगारला बाजार विन्स्टन चर्चिल यांच्या नावाने ओळखतो तिचे कारखान्यातले नाव हुलिएता क्रमांक २ आहे. पेतित कोरोनाचे मारेवा. आणि १६५ मिमी, ४२ गेजच्या लॉन्सडेलचे, जी एका इंग्रज उमरावाच्या किताबावरून ओळखली जाते, सेर्व्हांतेस. यामुळे निरनिराळ्या नाममुद्रांच्या दहा सिगार वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात असल्या, तरी त्यांचे माप एकच असू शकते.

क्युबाबाहेर मात्र नावांना असे बंधन नाही. निकाराग्वाची रोबुस्तो ५ इंच आणि ५०, ५२ किंवा ५४ गेजची सापडते. तोरो नावाखाली ६ इंच आणि ५० पासून ५४ पर्यंत काहीही असते. चर्चिल म्हणून विकली जाणारी सिगार ४७ ऐवजी ५० गेजची असणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून सत्तरीकर यांना माझा आग्रहाचा सल्ला असा की नव्या चिठ्ठीवर आधी दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहावेत आणि नाव त्याखाली लहान अक्षरांत.

एका मुद्द्यावर माझे तारवटी यांच्याशी थोडे वेगळे मत आहे. लांबीने मुख्यतः वेळच ठरतो, हे मला अपुरे वाटते. सुरुवातीला धूर सिगारच्या संपूर्ण लांबीतून येतो आणि वाटेत निवतो. जळणारे टोक जवळ येत जाते तसा तो अधिक गरम लागतो, आणि वाटेत पानांवर साचलेला ओलावा आणि तेलकट अंश शेवटच्या भागात जळू लागल्यामुळे चव तीव्र होते. लांब सिगारमध्ये हा बदल सावकाश आणि टप्प्याटप्प्याने जाणवतो, तर आखूड सिगारमध्ये तीव्रता लवकर येते. तेव्हा लांबीचा चवीशीही संबंध आहे.

तारवटी

मोजपट्टी यांचे म्हणणे मला मान्य आहे. चर्चिलचा शेवटचा तिसरा हिस्सा पुष्कळ पाहुणे ओढतच नसत, तो तसाच रक्षापात्रात विझू देत. त्याचे कारण हेच असावे. सिगार विझवताना ती सिगारेटसारखी चुरडायची नसते, हेही सत्तरीकर यांनी ध्यानात ठेवावे, कारण चुरडल्यावर तिचा उग्र वास खोलीभर पसरतो.

अंत्रूज

आकारांचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडच्या आकारांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. मराठीत सिगारला जुना शब्द चिरूट, आणि तो मूळ तमिळ सुरुट्टु या शब्दापासून आला. त्याचा अर्थच मुळी गुंडाळी. पोर्तुगीजांनीही तोच शब्द उचलून शारूतु केला. म्हणजे तंबाखूचे झाड अमेरिकेतून पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणले, आणि तिच्या गुंडाळीचे नाव मात्र आपल्या दक्षिणेतून त्यांच्या भाषेत गेले. दख्खनमध्ये तंबाखू लवकर रुजली होती. अकबराचा दूत असदबेग याने ती अकबराच्या दरबारात नेली, तीही विजापूरहून, सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी.

चिरूट आणि क्युबाची सिगार यांतला फरक सत्तरीकर यांच्या कामाचा आहे. तिरुचिरापल्ली आणि दिंडिगूलच्या बाजूचे चिरूट दोन्ही टोकांना सपाट कापलेले आणि उघडे असतात. ते कापायला साधन लागत नाही, कुठलेही टोक पेटवता येते. क्युबाच्या पद्धतीच्या सिगारचे डोके मात्र पानाच्या छोट्या टोपीने बंद केलेले असते आणि ती टोपी कापल्याशिवाय धूर येत नाही. तेव्हा तुमच्या कपाटात दोन्ही टोके उघडी असलेली एखादी सिगार सापडली, तर ती बिघडलेली नसून चिरूट असण्याची शक्यता आहे.

माझ्या लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या बायका धुमटी ओढत असत. तंबाखूचे पान दुसऱ्या एखाद्या झाडाच्या पानात, कधी फणसाच्या, गुंडाळून घरच्या घरी ती वळली जाई आणि तिचा आकार शंकूसारखा, एका बाजूला निमुळता असे. कित्येक जणी तिचे जळते टोक तोंडात धरून उलटी ओढत. त्या सवयीने टाळूला व्हायच्या त्या जखमाही आम्ही पाहिल्या आहेत. शंकूचा आकार त्या बायकांना कुणी शिकवला नव्हता. एकच पान कोपऱ्यापासून तिरके वळत नेले की तो आपोआप होतो, आणि निमुळत्या टोकातून तंबाखूचा चुरा तोंडात येत नाही. पिरामिदेचे चित्र पाहिले तेव्हा मला त्या धुमटीची आठवण झाली.

फोंड्याचा दंतवैद्य

अंत्रूज यांनी टाळूच्या जखमांचा उल्लेख केला म्हणून लिहितो, आणि मापाशी त्याचा थेट संबंध आहे. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी आहे असे पुष्कळ जण मानतात. परंतु तो धूर सिगारेटच्या धुरापेक्षा अल्कधर्मी असल्यामुळे त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शोषले जाते. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या संपूर्ण पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. सौम्य पानांची पण मोठ्या मापाची सिगार दीड तास ओढणारा नवखा माणूस घाम येऊन, मळमळून आडवा होतो, तो यामुळेच. रिकाम्या पोटी असेल तर लवकर. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. सत्तरीकर, पहिल्यांदाच ओढणाऱ्या पाहुण्याला मोठे माप देऊ नका, आणि तुम्ही स्वतः ओढत नाही ते तसेच राहू द्या.

सत्तरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धाकटा भाऊ आयटीआयमध्ये शिकतो. त्याचा व्हर्नियर कॅलिपर मागून आणला आणि काल दुपारी बार बंद असताना हातमोजे घालून एकेक सिगार मोजली. मोंतेक्रिस्तोची मापे तुम्ही लिहिल्याप्रमाणे निघाली, फक्त व्यास प्रत्येक वेळी दोन-तीन दशांश मिलिमीटरने जास्त येत होता. खालच्या कप्प्यातली लांब सिगार खरोखरच १७८ मिलिमीटरची आहे. त्या पाहुण्यांचा मुक्काम संपायच्या आत मी त्यांना ते सांगितले आणि त्यांनी तीच घेतली.

आता तीन गोष्टी अडल्या आहेत. एका खोक्यातील सिगार गोल नसून चौकोनी आहेत. खोक्यावर ५२ लिहिले आहे, पण कॅलिपरने बाजू १७ मिलिमीटर भरते, म्हणजे हिशेबाने ४३ गेजही होत नाही. दुसरे म्हणजे काही सिगार दोन्ही टोकांना निमुळत्या आणि मध्ये फुगीर आहेत. त्यांची जाडी कुठे मोजायची आणि कुठले टोक कापायचे ते कळत नाही. तिसरी गोष्ट काळजीची आहे. एका कोपऱ्यात तीन सिगार एकमेकींभोवती दोरीसारख्या पिळलेल्या आणि फितीने बांधलेल्या सापडल्या. पावसाळ्यातल्या दमटपणाने त्या वाकल्या असाव्यात असे वाटून मी त्या टाकून देणार होतो, पण आधी विचारावे म्हणून थांबलो.

तारवटी

टाकू नका! त्या तशाच वळलेल्या असतात.

पण क्रमाने घेऊ. व्यास थोडा जास्त येतो तो आपल्या हवेमुळे. तंबाखूचे पान पाणी शोषते आणि फुगते. कपाटातील आर्द्रता ६५ ते ७० टक्के असावी. श्रावणात बाहेर ती ९० च्या घरात असते आणि बार चालू असताना कपाटाचे दार सारखे उघडले जाते. फुगण्याचा त्रास बारीक सिगारला सर्वांत आधी होतो, कारण तिच्यात धुराची वाट मुळातच अरुंद असते. ती आवळली गेली की पाहुणा ओढून ओढून थकतो आणि सिगार विझत राहते. लान्सेरोसारख्या बारीक सिगार दारापासून दूर, आतल्या कप्प्यात ठेवा. तापमान २५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर पानात दडलेल्या अंड्यांतून तंबाखूचा भुंगा बाहेर पडतो आणि टाचणीएवढी भोके पाडत सगळा कप्पा खातो.

चौकोनी सिगार आधी गोलच वळतात. नंतर त्या ओलसर असताना खोक्यात दाबून बसवतात, आणि दाबाने त्यांना चार बाजू येतात. लिहिलेले गेज दाबण्याआधीचे असते, म्हणून कॅलिपरने ते मिळणार नाही. शिवणाचा दोरा सिगारभोवती एकदा गुंडाळा, तो मोजा आणि ३.१४ ने भागा. कोपरे गोलसर असल्यामुळे तुमचा दोरा बहुधा ६५ मिलिमीटरच्या जवळपास भरेल; भागाकार साडेवीसच्या वर जातो, आणि ५२ गेज म्हणजे २०.६ मिलिमीटर. सिगार दाबली तरी परिघ फारसा बदलत नाही.

आता निमुळत्या सिगार. संपूर्ण सरळ अंगाच्या सिगारला स्पॅनिशमध्ये पारेहो म्हणतात, आणि जिचे अंग कुठेतरी बारीक किंवा फुगीर होते तिला फिगुरादो. पारेहो वळून झाली की दोन फळ्यांच्या लाकडी साच्यात दाबतात, म्हणून सर्व एकसारख्या निघतात. फिगुरादोचे निमुळते टोक हाताने साधावे लागते. तिथे पान थोडे जास्त भरले तर धूर अडतो, कमी भरले तर टोक पोकळ राहून फाटते. हे काम अनुभवी हातांकडेच देतात, आणि किंमत चढते ती त्यामुळेच. माझ्या मते सर्व सिगारमध्ये कारागिरी दिसते ती इथे, आणि एखाद्या पाहुण्याने "ही महाग का?" असे विचारले तर त्याला हेच सांगावे.

पिरामिदे पायाशी, म्हणजे पेटवायच्या टोकाशी, रुंद असून डोक्याकडे हळूहळू निमुळती होत जाते. टॉर्पेडो हे नाव आज बहुतेक ठिकाणी तिच्यासारख्याच टोकदार सिगारला वापरतात. बेलिकोसोचे अंग बरेचसे सरळ असते आणि फक्त शेवटच्या भागाला गोलसर टोक येते. या तीन नावांमधल्या सीमारेषा इतक्या धूसर आहेत की त्यांवर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. तुमच्याकडच्या दोन्ही टोकांना निमुळत्या सिगारना पर्फेक्तो म्हणतात. फिगुरादोचे गेज नेहमी सर्वांत जाड जागी मोजतात. डोके कोणते ते ओळखायचे तर टोपी शोधा: पानाची एक बारीक गुंडाळी टोकाशी चिकटवलेली दिसेल, आणि कंपनीच्या नावाची कागदी पट्टीही त्याच बाजूला असते. दुसरे टोक पेटवायचे.

कापताना सरळ सिगारची फक्त टोपी उडवायची, खांद्याच्या, म्हणजे डोक्याचा गोलावा सरळ अंगाला मिळतो त्या जागेच्या, खाली पाते जाऊ द्यायचे नाही, नाहीतर रॅपर सुटत जातो. टोकदार सिगारचे आधी थोडेच टोक कापा आणि पाहुण्याला कोरडीच ओढून पाहायला सांगा. वाट अरुंद वाटली तर आणखी थोडे कापता येते, पण एकदा जास्त कापलेले परत जोडता येत नाही. भोक पाडणारे कटर टोकदार सिगारला वापरू नका. पर्फेक्तो पेटवल्यावर पहिले काही झुरके अगदी अरुंद भागातून येतात, म्हणून ती सुरुवातीला कोंडल्यासारखी वाटते आणि आग जाड भागापर्यंत पोचली की मोकळी होते. पाहुण्याला हे आधीच सांगितले तर तो सिगार परत पाठवत नाही.

पिळलेल्या तिघींना कुलेब्रा म्हणतात. स्पॅनिशमध्ये कुलेब्रा म्हणजे साप. वळून झाल्यावर पाने ओलसर असतानाच तीन बारीक सिगारची वेणी घालतात आणि तशाच सुकू देतात. कारखान्यातील कामगारांना रोज स्वतःसाठी तीन सिगार मिळत आणि त्या विकायच्या मालात मिसळू नयेत म्हणून त्यांना असा पीळ देत, असे सांगतात. देताना फीत सोडून तिन्ही अलगद वेगळ्या करायच्या आणि वाकड्याच पेटवायच्या. सरळ करायला गेल्यास रॅपरला चीर पडते. एकट्या पाहुण्याला ती सुचवू नका. तिघे मित्र एका टेबलावर बसलेले दिसतील त्या दिवशी बाहेर काढा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येईल.